"परत हा विषय काढू नका" असं ऐकल्यावर

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या एका तरुण ख्रिस्ती विश्वासणाऱ्याने हाताखालच्या वयस्कर जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) आपली साक्ष, म्हणजे येशूवरच्या आपल्या विश्वासाची गोष्ट, सांगितली आणि बायबलमधला 'नवा करार' हे पुस्तक दिलं. जॉबर पद्मशाली समाजाचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार कामगारांसमोर पुस्तक परत केलं: "आमचं आम्हाला बरं आहे. परत हा विषय काढू नका." तेव्हापासून दोघांचा चहा बंद आहे. बायको म्हणते, पायांची धूळ झटका आणि मोकळे व्हा. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, तरुण म्हणतात, हा छळ आहे, मागे हटू नका, पुन्हा सांगा. तो विचारतो: माझं काय चुकलं? माफी मागू, गप्प बसू, की परत प्रयत्न करू? शिफ्ट बदलून घेऊ का?

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं मन तिथेच अडकलं. खंडेनवमीला मागांची पूजा असते तेव्हा अण्णाच तुम्हाला म्हणतात, "साहेब, तुम्ही गेटवर सुताची गाडी उतरवून घ्या, इकडचं आम्ही उरकतो." हळदकुंकू लावायला, नारळ फोडायला तुमचा हात पुढे येणार नाही हे त्यांना माहीत आहे, आणि चारचौघांत तुमची पंचाईत होऊ नये म्हणून ते आपणहून वाट काढून देतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो, त्याची वर्गणी ते सगळ्या शेडमध्ये गोळा करतात आणि तुमच्यापाशी आले की नुसते हसून पुढे जातात. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही त्यांच्या श्रद्धेला नकार देत आला आहात, आणि त्यांनी त्याचं कधी मनावर घेतलं नाही. आता पहिल्यांदा त्यांनी तुम्हाला नकार दिला. तो कसा घ्यायचा हे तुम्हाला खुद्द अण्णांकडूनच शिकता येईल.

आता चहाचं. तो बंद झाला असं तुम्ही लिहिता, पण कोणी बंद केला? त्यांनी यायचं सोडलं की तुम्ही बोलवायचं सोडलं? मी या शहरात पाळक म्हणून आयुष्य घालवलं आहे. नकारानंतर आधी अवघडतो तो बहुतेक वेळा आपलाच माणूस. नजर चुकवतो, दुसऱ्या वाटेने जातो, जेवणाचा डबा घेऊन दुसरीकडे बसतो. मग समोरचा साहजिकच समजतो की ही सगळी जवळीक त्या पुस्तकासाठीच होती, आणि पुस्तक परत आल्यावर तीही संपली. असं त्याला एकदा वाटलं की त्याने पुस्तकाबद्दल जे ठरवलं होतं ते पक्कं होतं. म्हणून उद्याच्या पाळीला दोन कप चहा सांगा आणि एक अण्णांपुढे ठेवा. घेतील किंवा घेणार नाहीत. तुम्ही ठेवा.

माफी मागायची का, या प्रश्नाचे दोन भाग आहेत. येशूबद्दल सांगितलंत याची माफी नको. जे तुम्हाला जिवापेक्षा मोलाचं वाटतं ते तुम्ही मित्राला सांगितलंत. त्यात कमीपणा नाही. पण सांगितलंत कुठे? शेडमध्ये, कामाच्या वेळी. आणि सांगणारा कोण? त्यांची हजेरी लिहिणारा, दिवाळीच्या बोनसच्या वेळी ज्याचा शब्द मालक ऐकतो तो माणूस. लेकीच्या बाळंतपणाला उचल हवी असेल तर अण्णांना तुमच्याकडेच यावं लागतं. अशा माणसाने धर्माची गोष्ट काढली की ऐकणाऱ्याच्या मनात आधी हिशेब सुरू होतो: नाही म्हटलं तर याचं माझ्यावर काय येईल? तुमच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला पत्रावरून कळतं. पण अण्णांना ते कसं कळणार? चार कामगार बघत असताना त्यांनी पुस्तक परत केलं त्याचं कारण कदाचित हेच असेल. एकांतात दिलेला नकार नंतर दाबता येतो, चौघांसमोरचा दाबता येत नाही. तुमचा अपमान करण्यापेक्षा स्वतःला सुरक्षित ठेवण्याचा तो मार्ग असावा. आणि समजा ते हो म्हणाले असते, तर तो होकार ख्रिस्ताला होता की सुपरवायझरला, हे तुम्ही कसं ओळखलं असतं? मला अशा होकाराची नकारापेक्षा जास्त भीती वाटते.

तेव्हा अण्णा एकटे असताना एवढंच म्हणा: "अण्णा, कारखान्यात हा विषय काढायला नको होता, तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल. तुम्ही सरळ सांगितलंत ते बरं केलंत. मी परत विषय काढणार नाही. ह्याचा तुमच्या कामाशी, पगाराशी काही संबंध नाही." बस. याला शेपूट जोडू नका. "पण एकदा वाचून तर बघा" किंवा "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतोय" असं जोडलंत की आधीचं सगळं पुसलं जातं. प्रार्थना करा की, रोज करा, पण ती तुमची आणि देवाची गोष्ट. आणि पुढच्या वेळी त्यांचा उचलीचा अर्ज आला तर नेहमीसारखा पुढे पाठवा. उशीर नको, आणि मेहेरबानी दाखवायला घाईही नको.

आता धूळ झटकण्याचं. तुमच्या पत्नीने बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातलं वचन सांगितलं. वचन खरं आहे, पण ते कोणाला सांगितलं आहे ते बघा. येशूने बारा जणांना गावोगाव फिरायला पाठवलं. जिथे घेणार नाहीत तिथून निघताना धूळ झटका, असं सांगितलं. ते निघून जाणारे प्रवासी होते. तुम्ही कुठे निघाला आहात? उद्या सकाळी त्याच शेडमध्ये त्याच मागाशेजारी उभं राहायचं आहे. शिवाय ज्यांनी खरोखर धूळ झटकली त्यांचं पुढे काय झालं तेही वाचा. पौल आणि बर्णबा यांनी पिसिदियाच्या अंत्युखियात धूळ झटकली, हे प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये आहे. पुढच्याच अध्यायात लुस्त्रात पौलाला दगडमार झाला, मेला समजून लोकांनी त्याला गावाबाहेर ओढून टाकलं. आणि त्याच अध्यायाच्या शेवटाकडे दोघे लुस्त्र, इकुन्य आणि अंत्युखिया या त्याच गावांत परत आले. धूळ झटकणं म्हणजे कायमचं तोंड फिरवणं असतं तर ते परत गेले नसते. मला त्या वचनाचा अर्थ असा दिसतो: तुझं काम सांगण्याचं होतं, ते झालं, आता त्याचं ओझं पाठीवर घेऊन पुढच्या गावाला जाऊ नकोस. ओझं टाकायला सांगितलं आहे, माणूस टाकायला सांगितलेलं नाही.

लूकच्या 9 व्या अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही. याकोब आणि योहान भडकले, म्हणाले, आकाशातून अग्नी पडावा असं सांगू का? येशूने वळून त्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले. गावाला एक शब्दही नाही; बोलणी बसली ती शिष्यांना. मंडळीतल्या तरुणांना हा उतारा वाचून दाखवा.

त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. एका वडीलधाऱ्या माणसाने नको म्हटलं, याला छळ म्हणू नये. छळ काय असतो ते ज्यांनी सोसलं आहे त्यांना विचारा: घरातून बाहेर काढलेली सून, दफनासाठी जागा न मिळालेली माणसं. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात छळाबद्दल लिहितानाच बजावतो की कोणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. ढवळाढवळ त्याने खुनाच्या आणि चोरीच्या ओळीत बसवली आहे. "परत काढू नका" असं सांगितल्यावर परत काढलं, तर पुढे जे होईल ते आपल्या ढवळाढवळीमुळे होईल, ख्रिस्ताच्या नावामुळे नव्हे. याच कारणाने सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत किंवा पंढरीच्या वारीत शिरून पत्रिका वाटणं मला कधीच मान्य झालं नाही. माणूस आपल्या देवाच्या दारात उभा असताना त्याच्या हातात आपला कागद कोंबायचा, आणि त्याने फाडला की नकार मिळाला म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि तो प्रार्थनेचा व्हॉट्सॲप ग्रुप. "अमुक कारखान्यातल्या अण्णांचं कठीण मन मऊ व्हावं" असा मेसेज तुम्ही टाकला आहे, असं लिहिता. आज रात्रीच काढून टाका. सोलापूर लहान आहे. अण्णांच्या समाजाच्या पूर्व भागात तो फिरायला एक दिवस पुरेल, आणि ज्या माणसाने तुमची अडचण झाकली त्याचं नाव तुम्ही चव्हाट्यावर आणलं असं होईल.

अण्णांच्या नकारात नक्की काय होतं, हे तुम्हाला अजून माहीत नाही. मलाही नाही. पण या गावात मी जे नकार ऐकले त्यांतले फार थोडे येशूलाच होते. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वस्तीत एका बाईंच्या उंबऱ्याशी बसलो होतो. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोलताना हात थांबत नव्हता: चिमूट भरायची, पान वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळून तोडायचा. माझं सगळं ऐकून घेतल्यावर वर न बघता म्हणाल्या, "तुमचा येशू चांगला असंल की पास्टर. माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायत. तुमच्यात करून घेनार हाय का कोन?" हा प्रश्न येशूला नव्हता, मंडळीला होता. मी तो रविवारी उपासनेत जसाच्या तसा मांडला, कारण ज्यांची मुलं लग्नाची होती ते तिथे बसले होते. वचन पाठ म्हणून दाखवून अशा प्रश्नाचं उत्तर होत नाही.

अण्णांच्या बाजूने असाच विचार करून बघा. तेलंगणातून मागाच्या धंद्यासाठी इथे आलेला समाज, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. परक्या गावात पिढ्यान्पिढ्या ज्यांनी एकमेकांना धरून ठेवलं तो समाज म्हणजे त्यांचं लग्नकार्य, दवाखाना, मयताचा खांदा. तुम्ही पुस्तक दिलंत तेव्हा हे सगळं सोडायला सांगताय असं त्यांना ऐकू आलं असेल. अनुसूचित जातीतला शेजारी असेल तर त्याच्यापुढे आणखी एक गोष्ट उभी राहते: 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, मुलाच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न येतो. बौद्ध घरात ऐकायला मिळतं की 1956 च्या धम्मदीक्षेने आम्हाला माणूस म्हणून उभं केलं, आता दुसरा देव नको. हे विचार करून दिलेलं उत्तर आहे. बसून ऐकावं, कापायला जाऊ नये. कोणी "तुम्ही दुष्काळात धान्यासाठी बाटलेले" म्हणून टोमणा मारतो. त्यावर चिडण्याचं मला कारण दिसत नाही. 1876–78 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत मिशनच्या अनाथाश्रमांत वाढलेल्या पोरांपासून आपल्या भागातली कित्येक ख्रिस्ती घराणी सुरू झाली, हे खरंच आहे. "होय, आमच्या पणजोबाला भूक लागली होती आणि कोणीतरी जेवू घातलं," इतकं शांतपणे सांगता आलं की टोमण्यात काही उरत नाही.

राहिला तो नकार, जो नीट समजून-उमजून ख्रिस्तालाच दिलेला असतो. तोही असतो, आणि जड जातो. मार्कच्या 10 व्या अध्यायातला श्रीमंत माणूस धावत आला, गुडघे टेकले, उत्तर ऐकलं आणि खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली असं मार्क लिहितो. आणि मग त्याला जाऊ दिलं. मागे धावला नाही, अट सैल केली नाही, शापही दिला नाही. ज्याच्या हातात सगळा अधिकार होता त्याने माणसाला निघून जाण्याची मोकळीक ठेवली. माझ्या मते सुवार्ता सांगणाऱ्याने हा प्रसंग रोज वाचावा. आपल्या देशाचा कायदाही याच्या जवळपास येऊन थांबतो. घटनेचं 25 वं कलम सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून देणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्यातल्या काहींना हा निकाल बोचतो. कोणाचंही मन फिरवणं माझ्या हातात नाही हे मी वचनातून आधीच मानलं असल्याने मला त्याचं कठीण वाटत नाही. "मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने," हे पौलाचं म्हणणं आहे.

वाट किती बघायची, याचं माप मला देता येणार नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण देतो. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरावर आकाश कोसळलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत; त्या ताटातुटीतला काही काळ त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात काढला. पुढे टिळकांकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळंओवळं सांभाळूनच, आणि टिळकांनी ते चालू दिलं. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. ज्याच्या कीर्तनाला आणि अभंगांना महाराष्ट्राने मान डोलावली त्या माणसाला खुद्द घरातून पाच वर्षं नकार होता. येशूच्या घरीही हेच. त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असं योहान 7 मध्ये लिहिलं आहे, आणि पुनरुत्थानानंतर तेच भाऊ प्रार्थनेला बसलेले कृत्ये 1 मध्ये दिसतात. पण ही उदाहरणं वाचून अण्णांची वर्षं मोजायला बसू नका. अथेन्समध्ये पौलाचं ऐकून कोणी थट्टा केली, कोणी म्हणाले, "याविषयी पुन्हा कधीतरी ऐकू," आणि दियनुस्य व दामारी यांच्यासह थोड्यांनी विश्वास ठेवला. कोण कुठल्या गटात जाईल हे पौलाला बोलताना माहीत नव्हतं. अण्णा कदाचित कधीच विचारणार नाहीत. तरी ते तुमचे अण्णाच राहतील, अशी मैत्री तुम्हाला जमली पाहिजे.

आणि समजा कधी त्यांनीच विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता?", तर जेवढं विचारलं तेवढंच सांगा. पेत्राने विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटलं आहे, आणि ते सौम्यतेने, समोरच्याचा मान ठेवून. ते कारखान्याबाहेर असावं, सुट्टीच्या दिवशी, शक्य तर त्यांच्या घरी, जिथे ते मालक आणि तुम्ही पाहुणे. तिथे "आता पुरे" म्हणणं त्यांना सोपं जाईल. दिवाळीचा फराळ पुढे आला तर आनंदाने खा. पुढे वाढलेलं शंका न काढता खावं असं पौल करिंथकरांना लिहितो. प्रसादाबद्दल तुमचा विवेक जे सांगेल ते करा, पण नको म्हणायचं असेल तर हात जोडून म्हणा.

तुम्ही लिहिलंत की रात्री झोप लागत नाही, येशूने दिलेलं काम मी बिघडवलं असं वाटतं. बायबलमधला संदेष्टा एलिया असाच थकून झुडपाखाली मरण मागत पडला होता. देवाने त्याला लगेच उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं पुढे होरेब डोंगरावर झालं. तेव्हा जेवा, झोपा. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाजवळ अण्णांचं नाव न घेता मन मोकळं करा. नकाराचं दुःख होतं कारण तुमचं अण्णांवर प्रेम आहे. ते दुःख काढून टाकायची मला घाई वाटत नाही.

परत आलेला नवा करार घरी ठेवा. त्यांच्या कपाटात, डब्याच्या पिशवीत गुपचूप सरकवू नका, कोणातर्फे पाठवू नका. कामगारांपैकी कोणी चिडवलं किंवा गोष्ट मालकापर्यंत गेली, तर जे घडलं ते जसंच्या तसं सांगा, आणि अण्णांनी काही वावगं केलं नाही हे आधी सांगा.

शिफ्ट बदलू नका. तुम्ही दुसऱ्या पाळीला गेलात तर शेडमधले सगळे समजतील की अण्णांनी पुस्तक परत केलं म्हणून साहेब रागावून गेले. उद्या नवा सुपरवायझर आला आणि अण्णांना त्रास झाला, तर तो त्या पुस्तकाच्या खात्यावर लिहिला जाईल. आहे तिथेच राहा, आणि येत्या खंडेनवमीला अण्णांनी सांगायच्या आधीच गेटवरची गाडी उतरवून घ्यायला जा.